समोरचा पत्ते टाकतच नसन तं फ्लॉपच्या आधी रेझ किती करायचा

पोकरचे व्हिडिओ पाहून शिकलेला पोरगा टेबलावर बसला की त्याच्या डोक्यात फ्लॉपच्या (टेबलावर उघडणाऱ्या पहिल्या तीन सामायिक पत्त्यांच्या) आधीच्या रेझचा, म्हणजे भाव वाढवायचा, एकच आकडा असते, बिग ब्लाइंडच्या (पत्ते पाहायच्या आधीच एकाला भराव्या लागणाऱ्या चिप्सच्या) सव्वादोन पट, लय झाला तं अडीच पट. तो आकडा खोटा नाही, पण तो ज्या टेबलासाठी सांगितला तिथले लोक पत्ते टाकून देतात. आपल्याकडं गावात जी मंडळी बसते ती बहुतेक तीन पत्तीतून आलेली, ब्लाइंड चाल खेळून खेळून हात बसलेला, पॅक करणं म्हणजे इज्जत गेली असं वाटणारी, तिथं तुम्ही सव्वादोन पट रेझ केला की एकेक जण "पाहू तं काय येते" म्हणत आत येते आणि दोन गुलाम घेऊन तुम्ही पाच जणांच्या मधात बसलेले असता. मंग म्हणता की पोकर नशिबाचाच खेळ आहे. तसं नाही भाऊ, तुम्ही भाव चुकीचा सांगितला.

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकतो. हे सगळं बिनपैशाच्या खेळासाठी लिहून राह्यलो. पैसे लावून ऑनलाइन पोकर केंद्राच्या २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं बंद आहे आणि गावात पत्त्यावर पैसे लावले तं महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ पासूनचा बसलेला आहे, त्यात पडू नका. आमच्याकडं प्लास्टिकच्या चिप्सचा डबा आहे, एंट्री नाही, बक्षीस नाही, शेवटी जो उरते त्याचा मान आणि पुढच्या रोडग्याच्या पार्टीत त्याला वांगे चिरायचं काम नाही, एवढंच. पण टूर्नामेंट ते टूर्नामेंटच, चिप्स संपल्या की तुम्ही उठायचं, आणि ब्लाइंड वाढत जाते, म्हणून हिशोब तोच लागते.

आमचा ढाचा सांगतो म्हणजे पुढचे आकडे समजतीन. प्रत्येकाला ५,००० चिप्स, ब्लाइंड २५/५० (स्मॉल २५, बिग ५०) पासून सुरू, दर वीस मिनिटांनी डबल. म्हणजे सुरुवातीला तुमच्याजवळ १०० बिग ब्लाइंड, चाळीस मिनिटं झाली की १००/२०० आणि तुम्ही जागच्या जागी बसले असाल तं २५ ब्लाइंड, एक तास झाला की २००/४०० आणि फक्त साडेबारा. हे ध्यानात ठेवा, खाली परत लागन.

पहिली पायरी: लूज कोण ते मोजा

अंदाजानं नाही, खरंच मोजा. एकेका माणसाकडं दहा डाव पाहा आणि त्यातल्या किती डावांत त्यानं स्वतःहून चिप्स टाकल्या ते पाहा, बिग ब्लाइंडमध्ये फुकट फ्लॉप पाहिला तो मोजू नका. आठ-नऊ जणांच्या टेबलावर जपून खेळणारा माणूस दहापैकी दोन, कधी अडीच डाव खेळते. चार-पाच खेळून राह्यला तं तो लूज. सहा-सात असन तं त्याच्याबद्दल शंकाच नको. दहा डावांत पक्कं चित्र येत नाही हे बरोबर आहे, पण आपल्या टेबलावर लोक काही लपवत नाहीत, जो आज सहा डाव खेळते तो पुढच्या पोळ्यालेही सहाच खेळन.

पण मोजून झालं की लगेच दुसरा प्रश्न विचारा, आणि नवीन लोक हाच विचारत नाहीत: हा नुसता कॉल करणारा (समोरच्यानं टाकले तेवढेच भरणारा) लूज आहे का उड्या मारणारा लूज? दोघांचा इलाज एकदम उलटा आहे.

कॉल करणारा कसा दिसते ते सांगतो. आमच्या टेबलावर एक मामा आहेत. पत्ते वाटले की ते एकच पत्ता उचलून पाहतात, दुसरा अंगठ्याखाली तसाच दाबलेला. पहिला एक्का किंवा चित्राचा निघाला की दुसरा पाहायच्या आधीच डावा हात चिप्सकडं गेलेला असते. तुम्ही तोवर ४०० म्हणा का ८०० म्हणा, ते विचारतात "किती टाकू?" आणि टाकतात. स्वतःहून रेझ महिन्यातून एखाद्या वेळी, आणि तेव्हा त्यांच्याजवळ खरंच दोन बादशे असतात. हा कॉल करणारा.

उड्या मारणारा वेगळा. तो कॉल करतच नाही, तो तुमच्यावर रेझ मारते, नाहीतर सरळ ऑलइन, म्हणजे जवळच्या सगळ्या चिप्स एकदम. त्याच्यावर नंतर येतो.

दुसरी पायरी: कॉल करणाऱ्यासमोर भाव वाढवा

इथं बहुतेकांचा गैरसमज असते की मोठा रेझ म्हणजे लोकांना पळवायला. अजिबात नाही. चांगले पत्ते असताना तुम्हाला तो मामा पाह्यजेच आहे डावात, फक्त त्यानं जास्त भरून यावं एवढं म्हणणं आहे. वरुड-काटोलच्या रस्त्यावर संत्र्याची ढेरी घेऊन बसलेल्याला माहीत असलं की ही गाडी पन्नासलेही घेते आणि शंभरलेही घेते तं तो पन्नास सांगन का?

आकड्यात पाहू. तुमच्याजवळ दोन एक्के, समोर एकच माणूस आणि त्याच्याजवळ कोणतेही दोन पत्ते. शेवटपर्यंत पाचही पत्ते उघडले तं तुम्ही १०० पैकी साधारण ८५ वेळा जिंकता. म्हणजे दोघांनीही जास्तीचे २००-२०० टाकले तं त्या ४०० मधले सरासरी ३४० तुमचे, तुम्ही टाकले २००, फायदा १४०. ४०० च्या जागी ८०० चा रेझ केला आणि मामांनी तसाच कॉल केला तं ते तुम्हाला सरासरी २८० चिप्स फ्लॉपच्या आधीच देऊन राह्यले, ते पण हसत हसत. छोटा रेझ करून हे सोडणं म्हणजे शुद्ध नुकसान.

आता दुसरी बाजू. समोर दोन जण आले तं त्याच एक्क्यांचं जिंकणं ७३ टक्क्यांवर येते, तिघं आले तं ६४, चौघं ५६, आणि पाच आले तं ४९ च्या आसपास. कोणी म्हणन की सहा जणांच्या पॉटमध्ये (मधात जमलेल्या चिप्समध्ये) ४९ टक्के म्हणजे लयच भारी, आणि चिप्सच्या हिशोबानं त्याचं बरोबर आहे. पण टूर्नामेंटमध्ये चिप्स संपल्यावर परत घेता येत नाहीत, आणि एक्के काही रोज येत नाहीत, २२१ डावांत एकदा. गुलाम-गुलामही तेवढ्याच वेळा येतात, एक्का-राणी, एक्का-बादशा त्यापेक्षा जास्त वेळा. दोन गुलामांवर फ्लॉपमध्ये राणी, बादशा किंवा एक्का यायचा चान्स ५७ टक्के आहे. एक जण समोर असन तं चालून जाते, पाच जण असतीन तं त्यातल्या एकाला तो पत्ता लागलेला असायची भीती मोठी, आणि तो कोण हे तुम्हाला कळत नाही.

म्हणून अशा टेबलावर सुरुवातीचा रेझ चार ब्लाइंडचा ठेवा. ५०/१०० असन तं ४००. तरी तीन-चार जण येऊन राह्यले तं पुढच्या वेळी पाच ब्लाइंड. तरी येऊन राह्यले तं सहा. थांबायचं कुठं? जिथं एक किंवा दोन जण येतात तिथं. हा आकडा कोणत्याच व्हिडिओत नाही सापडणार, तो तुमच्या टेबलानंच सांगायचा असते, आणि सुरुवातीला जो आकडा चालते तो नंतर चालतेच असं नाही.

तिसरी पायरी: लिंप करणारे मोजून त्यात भरा

गावच्या टेबलावर बहुतेक वेळा तुमचा नंबर येईपर्यंत दोन-तीन जण नुसता बिग ब्लाइंड भरून आत बसलेले असतात, त्याला लिंप म्हणतात. इथं लोक सगळ्यात जास्त गडबड करतात, म्हणून सावकाश पाहा.

ब्लाइंड १००/२००. तिघांनी २००-२०० टाकले, स्मॉल ब्लाइंडचे १००, बिगचे २००, पॉट झाला ९००. तुम्ही बटनवर (वाटणाऱ्याच्या जागेवर, जिथं फ्लॉपनंतर सगळ्यांच्या शेवटी बोलायचं असते), हातात एक्का-बादशा, मागं ८,००० चिप्स. सवयीनं तुम्ही ६०० म्हणता. दोन्ही ब्लाइंड गेले असं धरा. आता पहिल्या लिंपवाल्याला अजून ४०० टाकायचे आहेत आणि पॉटमध्ये आहेत १,५००. म्हणजे ४०० टाकून एकूण १,९०० साठी खेळायचं, त्याला १०० पैकी २१ वेळा जिंकलं तरी परवडते. कोणत्याही दोन फालतू पत्त्यांना एवढा चान्स बहुतेक असतेच. तो आला की दुसऱ्याला अजून स्वस्त, ४०० टाकून २,३०० साठी, १७ टक्के. तिसऱ्याला तर आमंत्रणच. हिशोब न येणारा माणूसही इथं बरोबर खेळून राह्यला, कारण भावच तुम्ही तसा दिला.

आता १,२०० म्हणा. पहिल्याला अजून १,००० टाकायचे, पॉटमध्ये २,१००, म्हणजे ३,१०० साठी १,०००, त्याला ३२ टक्के पाह्यजे. बादशा-चव्वी वेगवेगळ्या रंगाची घेऊन तुमच्या एक्का-बादशासमोर ३२ टक्के होत नाहीत. तरी तो येईन, कारण तो लूज आहे, पण आता चूक त्याची झाली, तुमची नाही. सगळा खेळ एवढाच आहे.

तं सूत्र असं: कोणी लिंप नसताना जो तुमचा आकडा त्या टेबलावर चालते तो एक ब्लाइंडनं कमी करा, आणि दर लिंपवाल्यामागं एक ब्लाइंड वाढवा. तीन लिंप, तीन अधिक तीन, सहा ब्लाइंड, म्हणजे १,२००. तुम्ही स्वतः ब्लाइंडमध्ये बसले असाल तं अजून एक-दोन ब्लाइंड वर, काहून की फ्लॉपनंतर तुम्हाला सगळ्यांच्या आधी बोलावं लागते आणि तो तोटा आधीच वसूल केलेला बरा.

मोठ्या टूर्नामेंटांत अँटे (ब्लाइंडशिवाय आधीच भरायच्या चिप्स) पण असते, हल्ली बहुतेक जागी बिग ब्लाइंडवालाच सगळ्या टेबलाचा अँटे भरते. त्यानं पॉट आधीच एक ब्लाइंडनं जास्त असते म्हणून कॉल करणाऱ्याला अजून स्वस्त पडते. गावात अँटे ठेवू नका, अर्धा वेळ "कोणी भरला कोणी नाही" यातच जाते.

चौथी पायरी: चोरी बंद

मोठा रेझ चांगल्या पत्त्यांसाठी आहे, हे अर्धंच ऐकून पोरं ब्लाइंड चोरायला, म्हणजे सगळ्यांना पळवून ब्लाइंडच्या चिप्स उचलायला, सत्ती-दुर्री घेऊन पण चार ब्लाइंड मारतात. हिशोब पाहा. १००/२०० वर पॉटमध्ये फक्त ३०० आहेत. ते चोरायला ४०० टाकले तं दोन्ही ब्लाइंडवाले १०० पैकी ५७ वेळा पळाले पाह्यजे तेव्हा नुसत्या चोरीवर बरोबरी होते. ८०० टाकले तं ७३ वेळा. आता समोरचे दोघंही असे आहेत की दहापैकी चारच वेळा पत्ते टाकतात, तं दोघं मिळून एकाच वेळी पळायचा चान्स १६ टक्के. कुठं ७३ आणि कुठं १६. ज्याला पॅक करता येत नाही त्याच्यासमोर ब्लफ म्हणजे त्याला चिप्स दान करणं होय.

म्हणून लूज टेबलावर रेझ मोठा, पण डाव कमी. कोणते पत्ते? मोठ्या जोड्या, एक्का-बादशा, एक्का-राणी, बटनजवळ असाल तं एक्का-गुलाम, बादशा-राणी पण. फ्लॉपमध्ये जोडी लागली की आपलीच वरची असावी असे. दहा डावांत दोन खेळले तरी चालते, आणि हो, मंडळी म्हणतीन "काहून बे, झोपला का?" म्हणू द्या. ते म्हणतीन आणि पुढच्या डावात तुमच्या सहा ब्लाइंडच्या रेझवर कॉलही तेच करतीन, ही लूज लोकांची खासियत आहे, टोमणा मारतात पण त्यातून शिकत नाहीत.

छोट्या जोड्यांचं वेगळं. दोन पंज्या, दोन सत्त्या यांना मोठा रेझ करून काही उपयोग नाही, काहून की तिसरी फ्लॉपमध्ये यायचा चान्स १२ टक्क्यांच्या आत आहे. त्यांच्यासाठी उलट स्वस्तात आत जायचं, लिंपवाल्यांच्या मागून २०० भरायचे, आणि ते पण तुमच्या आणि त्यांच्या मागं त्याच्या पंधरा-वीस पट चिप्स असतीन तेव्हाच. नसतीन तं टाकून द्या.

पाचवी पायरी: मागं किती उरले ते पाहा

हा भाग लोक वाचत नाहीत आणि मंग विचारतात की सहा ब्लाइंड मारले आणि फसलो. १००/२०० वर तुमच्याजवळ ३,००० च आहेत, तीन लिंप झाले, तुम्ही सूत्रानं १,२०० टाकले. म्हणजे स्टॅकचा (जवळच्या सगळ्या चिप्सचा) चाळीस टक्के माल आत गेला. आता फ्लॉप कसाही येवो, पॉट एवढा मोठा झाला की उरलेले १,८०० सोडता येत नाहीत आणि टाकताना भीतीही वाटते. साधा नियम ठेवा: सूत्रानं येणारा रेझ तुमच्या स्टॅकच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊन राह्यला तं रेझ करायचाच नाही, ऑलइन करायचं नाहीतर पत्ते टाकायचे.

सामोरच्याचा स्टॅक पण पाहा. तुमच्याजवळ ९,००० आहेत पण लिंप करणाऱ्याजवळ १,४०० च उरले, तं त्याच्यापुरता तुमचा १,२०० चा रेझ म्हणजे ऑलइनच आहे, तो आला की सगळंच टाकन. त्याला चांगले पत्ते घेऊनच सामोरं जा.

वर सांगितलं ना की एक तासानं सुरुवातीचे पाच हजार साडेबारा ब्लाइंड होतात. म्हणजे चार-पाच-सहा ब्लाइंडचा हा सगळा प्रकार खरा पहिल्या तासाचा आहे. त्यानंतर ज्याच्याजवळ बारा ब्लाइंडच्या आसपास किंवा कमी आहे त्यानं रेझ किती हा प्रश्नच विसरायचा, ऑलइन का फोल्ड एवढंच. आणि आमच्याकडं एक स्पेशल गोष्ट होते, शेताची लाइन रात्री येणार असली की ज्याला मोटर सुरू करायला जायचं असते तो पावणेदहापासून घड्याळ पाहते आणि कोणत्याही पत्त्यांवर ऑलइन मारते, जिंकला तं बसतो नाहीतर निघतो. अशा माणसाच्या ऑलइनला दोन अठ्ठ्या, एक्का-दश्शी असे पत्ते पण कॉल करायला पुरतात. लाइनचं टाइमटेबल माहीत असणं हा पण एक प्रकारचा अभ्यास होय.

सहावी पायरी: उड्या मारणाऱ्यासमोर उलट

आता तो दुसरा. दहापैकी चार-पाच वेळा तो तुमच्या रेझवर अजून रेझ मारते. तो तुमच्या डाव्या हाताला बसला, म्हणजे तुमच्या नंतर बोलते, तं मोठा रेझ करून फायदा नाही. तुम्ही ८०० टाकले, त्यानं २,४०० केले, तुमच्याजवळ एक्का-गुलाम, टाकले तं ८०० गेले. त्यापेक्षा ४०० च टाका, दोन पट, आणि पत्ते निवडून टाका. तो मारन तेव्हा साध्या पत्त्यांवर ४०० चंच नुकसान, आणि दोन राण्या असल्या तं त्याच्या हातूनच पॉट मोठा करून घ्यायचा आणि मंग ऑलइन. आणि असा माणूस डावीकडं असताना रेझ केला की फोल्ड करायची पाळी वारंवार यायला नको, म्हणून मधले पत्ते आधीच टाकलेले बरे.

तो उजव्या हाताला असन तं तुमची दिवाळी. तो आधी ६०० मारते, तुमच्याजवळ चांगले पत्ते, तुम्ही त्याच्या तिप्पट १,८०० करा, ब्लाइंडमध्ये बसून असाल तं चौपट. बाकीच्या कॉल करणाऱ्यांना एवढं महाग वाटते की ते पण बाजूला होतात आणि तो एकटा तुमच्यासमोर येते. जमलं तं जागा घेतानाच त्याच्या डावीकडची खुर्ची पकडायची, चिठ्ठ्या टाकून जागा ठरत असतीन तं काही इलाज नाही.

एक खोड मात्र लागू देऊ नका. दोन एक्के आले की सहा ब्लाइंड आणि एक्का-राणीला तीन, असं करू नका. मामांना काही फरक पडत नाही पण टेबलावर एखादा कॉलेजचा पोरगा असतेच जो गप बसून सगळं पाहते, त्याला चार-पाच डावांत समजते. रेझचा आकडा बदला तो लिंप किती, तुम्ही कुठं बसले, मागं स्टॅक किती यावर. पत्ते कोणते यावर नाही.

आणि जेव्हा तीन-चारच जण उरतात तेव्हा बघा, जे आतापर्यंत सगळं कॉल करत होते तेच अचानक जपून खेळायला लागतात, कारण आता जिंकायचं दिसून राह्यलं. तेव्हा परत दोन पटावर या, चोरी पण परत सुरू करा. ज्यानं मोड बदलला नाही, जो अजून अंगठ्याखाली पत्ता दाबूनच चिप्स टाकून राह्यला, तो बिग ब्लाइंडमध्ये असन तेव्हा मात्र चोरी नाही, चांगले पत्ते आले तं त्याच्यासाठी चारच पट ठेवा.